नॅसची फायरवॉल चालू आहे, तरी बाहेरून लॉगिनचं पान का उघडतं?

घरात सिनॉलॉजी कंपनीचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली फाइल्स साठवायची पेटी, बसवला. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन फायरवॉल चालू केली, घरचं नेटवर्क सोडून बाकी सगळ्यांना नकार असा नियमही घातला. मग मोबाइलचं वायफाय बंद करून फर्ग्युसन रस्त्यावरून क्विककनेक्टचा, म्हणजे बाहेरून नॅस उघडून देणाऱ्या सिनॉलॉजीच्या क्लाउड सेवेचा, पत्ता उघडला, तर लॉगिनचं पान समोर हजर! बहुतेकांना वाटतं की नियम चुकला. नियम बरोबर असू शकतो, फायरवॉलही बिघडलेली नसते. हा रस्ता तिच्या तपासणीत येतच नाही, एवढंच.

नॅसमधली फायरवॉल बाहेरून सुरू होणाऱ्या जोडण्या तपासते. कोण येतंय, कोणत्या पोर्टवर (म्हणजे एकेका सेवेच्या क्रमांकाच्या दारावर) येतंय, कोणत्या पत्त्यावरून येतंय, एवढंच ती बघते. यंत्राने स्वतः आतून सुरू केलेली जोडणी ती अडवत नाही, आणि त्या जोडणीवरून येणारं उत्तरही मुकाट आत सोडते. तसं केलं नाही तर नॅसला साधं अपडेटही उतरवता येणार नाही. सोसायटीचा वॉचमन अनोळखी माणसाला गेटवर थांबवतो, पण फ्लॅटमालकाने स्वतः बाहेर जाऊन कुणाला स्कूटरवर मागे बसवून आणलं तर वहीत नोंदसुद्धा होत नाही. क्लाउड सेवा नेमकं हेच करते.

क्विककनेक्ट चालू केलं की नॅस सिनॉलॉजीच्या सर्व्हरशी स्वतःहून संपर्क साधतो आणि तो टिकवून ठेवतो. तुम्ही बाहेरून आयडी टाकला की आधी थेट रस्ते तपासले जातात: दोघं एकाच घरच्या नेटवर्कवर आहेत का, राउटरवर पोर्ट उघडा आहे का, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी प्रयत्न करून मध्ये वाट पाडता येते का. यातलं काहीच जमलं नाही तर सगळी वाहतूक कंपनीच्या रिले सर्व्हरमधून, म्हणजे नॅसने आतून उघडलेल्या बोगद्यातून जाते. क्यूनॅप या दुसऱ्या नॅस कंपनीच्या मायक्यूनॅपक्लाउड लिंकचं तत्त्वही हेच. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या माय क्लाउड होममध्ये तर साइन-इनच कंपनीच्या सर्व्हरमार्फत होतं. एप्रिल २०२३ मध्ये सायबर हल्ल्यानंतर डब्ल्यूडीच्या क्लाउड सेवा कित्येक दिवस बंद होत्या, तेव्हा घरातल्या कपाटावर ठेवलेल्या डिस्कवरच्या स्वतःच्या फाइल्स उघडायला लोक अडले होते.

यावरून देशावर आधारित नियमांचंही कोडं सुटतं. ‘फक्त भारतातून परवानगी’ असा नियम घालून निर्धास्त झालेले बरेच आहेत. थेट रस्त्यावर हा नियम चालतो, कारण तिथे येणाऱ्याचा खरा पत्ता फायरवॉलला दिसतो. रिलेच्या रस्त्यावर तिला दिसते ती नॅसने स्वतः उघडलेली जोडणी. पाहुणा पुण्याचा की परदेशातला, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही.

मग फायरवॉल कशाला ठेवायची?

ठेवायचीच. नॅसवरचे आजवरचे मोठे सामुदायिक हल्ले बघा. एप्रिल २०२१ मधल्या क्यूलॉकर या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅपच्या फाइल्स कुलूपबंद करून ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ मधल्या डेडबोल्टने ०.०३ बिटकॉइन मागितले. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह डिस्क जगभर रिकाम्या झाल्या, आणि त्या मॉडेलला कंपनीचे अपडेट २०१५ पासून मिळत नव्हते. या सगळ्यांत समान धागा एकच: यंत्र इंटरनेटला थेट दिसत होतं, कधी मालकाने राउटरवर पोर्ट उघडला म्हणून, तर कधी यूपीएनपीने, म्हणजे यंत्राला राउटरवर स्वतःहून पोर्ट उघडू देणाऱ्या सोयीने, तो परस्पर उघडला म्हणून. नॅसवर नीट लिहिलेली फायरवॉल याच थेट रस्त्यावर उभी असते.

रिलेचा रस्ता त्या मानाने बरा, पण तो फायरवॉलच्या आड आहे असं समजू नका. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सिनॉलॉजी फोटोजमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२४-१०४४३. तिला पासवर्ड लागत नव्हता आणि मालकाने कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. ज्यांनी राउटरवर एकही पोर्ट उघडला नव्हता, पण क्विककनेक्टमधून फोटोज उघडे ठेवले होते, त्यांच्यापर्यंतही हल्लेखोर पोहोचू शकतो हे ती शोधणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं. कंपनीने दुरुस्ती लगेच दिली, पण अपडेट होईपर्यंत त्या यंत्रांवरची फायरवॉल या कामी बघ्याच्या भूमिकेत होती.

नियम लिहिताना कुठे चुकतं

डीएसएममध्ये, म्हणजे सिनॉलॉजीच्या नॅसवर चालणाऱ्या प्रणालीत, कंट्रोल पॅनेल, सिक्युरिटी, फायरवॉल. इथली पहिली चूक: खूण केली की काम झालं असं वाटणं. नियमांची यादी रिकामी असेल तर फायरवॉल चालू असूनही सगळ्यांना सगळं खुलं राहतं. दुसरी चूक त्याहून जास्त दिसते. घरच्या नेटवर्कला परवानगीचा नियम घालतात आणि शेवटचा ‘सर्व पोर्ट, सर्व पत्ते, नकार’ हा नियम घालायचाच राहतो. यादी वरून खाली वाचली जाते, पहिला जुळणारा नियम लागू होतो आणि जे कशालाच जुळलं नाही ते आत जातं. परवानगी वर, नकार सर्वांत खाली, हा क्रम मोडला की सगळं मुसळ केरात.

घरच्या पत्त्यांचा पट्टा लिहिताना शिकवणीच्या व्हिडिओतले आकडे जसेच्या तसे उतरवू नका. बहुतेक व्हिडिओंत १९२.१६८.१.० असतं. जिओच्या राउटरवर घरचा पट्टा सहसा १९२.१६८.२९.० असतो, काही राउटरवर १९२.१६८.०.०. सबनेट मास्क तिन्ही ठिकाणी २५५.२५५.२५५.०. चुकीचा पट्टा लिहून खाली सर्वांना नकार दिला तर पहिले बाहेर पडाल ते तुम्हीच. आपलाच संगणक अडणार असं दिसलं की डीएसएम इशारा देतं, ही सोय आहे. पण उद्या इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला आणि पट्टा बदलला, तर तेव्हा इशारा द्यायला कुणी नाही. राउटर बदलायच्या आदल्या दिवशी नव्या पट्ट्याचा नियमही घालून ठेवावा.

पोर्टांचे आकडे हाताशी असू द्या: डीएसएमचे ५००० आणि ५००१, एसएमबी म्हणजे विंडोजमधल्या फोल्डरसाठी ४४५, एसएसएच २२, सिनॉलॉजी ड्राइव्ह ६६९०. क्यूनॅपचं पान सहसा ८०८० किंवा ४४३ वर असतं. क्यूनॅपमध्ये फायरवॉलसाठी क्यूफायरवॉल हे वेगळं ॲप ॲप सेंटरमधून घ्यावं लागतं. त्यात तयार प्रोफाइल मिळतात. घरापुरता वापर असेल तर फक्त सबनेटला परवानगी देणारं निवडा.

आयपीव्ही६: पुण्यातल्या फायबरचा विसरलेला दरवाजा

घरगुती फायबरवर बऱ्याचदा स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा, चार आकड्यांचा) पत्ता मिळतच नाही. कंपनी शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवते, याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, किंवा ‘माझा आयपी’ शोधल्यावर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटमागे आहात. अशा ठिकाणी राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी आयपीव्ही४ वरून थेट कुणी येऊ शकत नाही. तरीही बाहेरून नॅस उघडतोय, म्हणजे वाहतूक रिलेने, अशाच आतून पाडलेल्या वाटेने किंवा आयपीव्ही६ वरून येतेय.

मात्र सीजीनॅट आहे म्हणून आपण सुरक्षित, हा निष्कर्ष अर्धवट आहे. जिओच्या घरगुती जोडणीवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब पत्ता) मिळतो, इतर कंपन्याही देतात, आणि तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. तिथे नॅटचा, म्हणजे अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवण्याचा, आडपडदा नाही. मध्ये उभा असतो फक्त राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल आणि त्यामागे नॅसची फायरवॉल. राउटरची ती सेटिंग कुणी गेम खेळताना अडचण आली म्हणून बंद केली असेल, तर सगळा भार नॅसवरच्या नियमांवर.

नॅसच्या नेटवर्क पानावर आयपीव्ही६ पत्ता बघा. एफई८० ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच असतो, त्याची काळजी नको. २ ने सुरू होणारा पत्ता जगाला दिसू शकतो. इथे एक गंमत होते. खाली सर्वांना नकार लिहिला की घरातले आयपीव्ही६ ने येणारे संगणकही अडतात. लक्षण असं, की नॅसचं फोल्डर नावाने उघडायला काही सेकंद अडकल्यासारखं होतं आणि मग उघडतं, कारण संगणक आधी आयपीव्ही६ ने प्रयत्न करतो, उत्तर आलं नाही की आयपीव्ही४ वर येतो. उपाय सोपा आहे: एफई८० च्या पट्ट्याला, म्हणजे शेवटी तिरपी रेघ आणि १० असलेल्या प्रीफिक्सला, परवानगीचा नियम वर टाका. सार्वजनिक प्रीफिक्स नियमात लिहू नका, कंपनी तो बदलू शकते.

तपासणी बाहेरूनच करायची

घरच्या वायफायवर बसून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता तपासला तर निकाल फसवा येतो, कारण अनेक राउटर ती विनंती बाहेर न पाठवता आतूनच वळवतात. फोनचं वायफाय बंद करा, आणि शक्य असेल तर घरच्या फायबरहून वेगळ्या कंपनीचं सिम वापरा.

पहिली चाचणी रिलेची. खासगी टॅब उघडून क्विककनेक्टचा आयडी टाका. साध्या टॅबमध्ये जुनं पान साठवलेलं असू शकतं. लॉगिनचं पान आलं म्हणजे रस्ता खुला आहे, मग फायरवॉलच्या पानावर कितीही हिरव्या खुणा असोत.

दुसरी चाचणी थेट आयपीव्ही४ ची. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रामने घरच्या सार्वजनिक पत्त्यावरचे वर दिलेले पोर्ट तपासा. पिंगला (यंत्र जागं आहे का हे विचारणाऱ्या हाकेला) उत्तर न देणारी यंत्रंही तपासली जावीत म्हणून पिंग वगळण्याचा पर्याय निवडा. ‘ओपन’ म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं. ‘क्लोज्ड’ म्हणजे पॅकेट पोहोचलं, पण त्या पोर्टवर सेवा नाही. ‘फिल्टर्ड’ म्हणजे मध्ये कुणीतरी गप्प बसून गिळलं. आपल्याला हवं ते हे शेवटचं. पण सीजीनॅट असेल तर हा सगळा निकाल कंपनीच्या यंत्राचा आहे, तुमच्या नॅसचा नाही. त्यावरून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका.

तिसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत. मोबाइल डेटावर ब्राउझरमध्ये नॅसचा २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता चौकोनी कंसात लिहा, पुढे कोलनचं चिन्ह (:) देऊन ५००१. पान उघडलं तर राउटर आणि नॅस दोघांचेही नियम तोकडे पडलेत. सिमवर आयपीव्ही६ चालू आहे ना, हे आधी बघा, नाहीतर न उघडण्याला काही अर्थ नाही.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला, की या तिन्ही चाचण्या परत करून बघाव्यात. राउटरवरून हाताने पुसलेलं पोर्ट फॉरवर्डिंग नॅस यूपीएनपीने पुन्हा तयार करून घेतो, आणि ते लक्षात येतं ते अशा वेळीच.

खरोखर बंद करायचं तर

फायरवॉलमध्ये नियम वाढवत बसण्यापेक्षा सेवा मुळातून बंद करा. सिनॉलॉजीत कंट्रोल पॅनेल, एक्स्टर्नल ॲक्सेस. तिथे क्विककनेक्टची खूण काढा, डीडीएनएसच्या (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या सेवेच्या) नोंदी पुसा आणि राउटर कॉन्फिगरेशनचा टॅबही रिकामा करा. तिन्ही टॅब वेगवेगळे आहेत, एक बंद केल्याने दुसरा बंद होत नाही. क्यूनॅपमध्ये मायक्यूनॅपक्लाउड उघडून राउटरची स्वयंचलित मांडणी, डीडीएनएस आणि क्लाउड लिंक असे तीन स्विच बंद करा. डब्ल्यूडीच्या माय क्लाउडमध्ये सेटिंग्जखाली क्लाउड ॲक्सेस असतो. शेवटी राउटरवर यूपीएनपीही बंद करा.

हे केल्यावर काय थांबेल ते घरात आधी सांगून ठेवा. फोनवरच्या फोटो ॲपमध्ये क्विककनेक्ट आयडीऐवजी नॅसचा घरचा पत्ता टाकावा लागेल, आणि बॅकअप घरी आल्यावरच होईल. क्विककनेक्टवरून दिलेल्या फाइल शेअरच्या जुन्या लिंकही बंद पडतील. लग्नाचे फोटो ग्राहकांना लिंकने देणाऱ्या फोटोग्राफरने, किंवा अशिलांकडून कागद मागवणाऱ्या सदाशिव पेठेतल्या सीएने, आधी पर्यायी सोय करावी. नाहीतर सॅन होजेहून मुलीचा फोन येईल, ‘बाबा, आल्बम उघडत नाहीये.’

कंपनीवर अजिबात विश्वास नसेल तर पुढची पायरी राउटरवर: नॅसला बाहेर जाऊच द्यायचं नाही. राउटरच्या पेरेंटल कंट्रोल किंवा ॲक्सेस कंट्रोलमध्ये नॅसचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क जोडणीचा ठरलेला क्रमांक) टाकून इंटरनेट बंद करता येतं. कंपनीने दिलेल्या राउटरवर ही सोय नसेल तर नॅसवर आयपी हाताने भरून गेटवेची (बाहेर जायच्या वाटेच्या पत्त्याची) जागा रिकामी सोडा. मात्र आयपीव्ही६ चालू राहिला तर नॅस त्या वाटेने बाहेर पडतच राहतो, म्हणून नेटवर्क पानावर तोही बंद करावा लागतो.

आमच्या मते घरगुती वापरात इतकं टोक गाठायची गरज सहसा नसते. अपडेट बंद पडतात, डिस्क खराब होत असल्याचा ईमेल येत नाही, बाहेरचा क्लाउड बॅकअप थांबतो. घड्याळही हळूहळू भरकटतं, आणि दुहेरी पडताळणीचा कोड दर ३० सेकंदांनी बदलत असल्याने घड्याळ चुकलं की बरोबर कोडही नाकारला जातो. तो अनुभव आला की लोक वैतागून दुहेरी पडताळणीच काढून टाकतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. क्लाउड सेवा बंद, फायरवॉल चालू, बाहेर जाणारी वाट अपडेटपुरती खुली, एवढं बहुतेक घरांना पुरतं.

बाहेरून लागतंच असेल तर

क्विककनेक्ट ठेवायचंच असेल तर त्याच्या ॲडव्हान्स्ड पानावर कोणत्या ॲपना परवानगी द्यायची याची यादी आहे. फक्त फोटो हवे असतील तर डीएसएमचं मुख्य पान आणि फाइल स्टेशन यांच्या खुणा काढा. तिथेच राउटरवर पोर्ट आपोआप उघडण्याची खूण असते, तीही काढा. दुहेरी पडताळणी चालू, ‘ॲडमिन’ नावाचं खातं बंद, आणि ॲपचे अपडेट आपोआप, हे मग ऐच्छिक राहत नाही. १० मिनिटांत ५ चुकीच्या प्रयत्नांवर पत्ता बंद अशी ऑटो ब्लॉकची मर्यादाही घाला.

त्याहून चांगली वाट व्हीपीएनची, म्हणजे फक्त तुमच्या उपकरणांपुरत्या कुलूपबंद बोगद्याची. सार्वजनिक पत्ता असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनला एकच यूडीपी पोर्ट पुरतो, सहसा ५१८२०, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो उत्तरही देत नाही. सीजीनॅटमागे टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा चालते. आता चाणाक्ष वाचक विचारेल, टेलस्केलही आतूनच बाहेर जोडतं, मग फरक काय? रस्ता तोच, हे खरंच. थेट वाट सापडली नाही तर तेही रिलेच वापरतं. फरक असा की क्विककनेक्टचं लॉगिन पान जगातल्या कुणालाही उघडता येतं, तर टेलस्केलमध्ये तुम्ही मंजूर केलेल्या उपकरणांखेरीज कुणाला नॅस दिसतच नाही. सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ वर टेलस्केल मूळ मांडणीत चालत असेल, तर त्यातून येणारी विनंती नॅसला १२७.०.०.१ वरून, म्हणजे स्वतःकडूनच आल्यासारखी दिसते. म्हणून फायरवॉलमध्ये टेलस्केलच्या एखाद्या उपकरणाला अडवायचा नियम लिहिलात तर तो लागू होणार नाही. ते काम टेलस्केलच्या स्वतःच्या परवानगीच्या पानावर करायचं.

शेवटी रिसेटचं बटण. नियम चुकून स्वतःच बाहेर अडकलात, तर सिनॉलॉजीच्या मागच्या बाजूचं बारीक छिद्रातलं बटण टाचणीने साधारण ४ सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबा आणि सोडा. डेटा जात नाही, ॲडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी मूळ स्थितीत येते. दुसऱ्यांदा दाबू नका, त्याने डीएसएम नव्याने बसवायची वेळ येते. एकदा दाबल्यानेसुद्धा फायरवॉलचे नियम आणि ऑटो ब्लॉक दोन्ही बंद होतात आणि ॲडमिन खातं परत जागं होतं. त्यामुळे आत शिरल्याबरोबर, बाकी काही करायच्या आधी, ॲडमिनला पासवर्ड लावा आणि नियम पुन्हा चालू करा.